एकाच घरी दोनदा का?

पहिले मूल मंद निघाले म्हणजे शेजारीपाजारी हळहळतात. दुसरेही तसेच निघाले म्हणजे तेच शेजारी कुजबुजू लागतात. एका दुर्दैवाच्या वाट्याला सहानुभूती येते, दोन दुर्दैवांच्या वाट्याला संशय येतो, असा जगाचा न्याय आहे. आईच्या कुळात काही असेल, बापाने तरुणपणी काही केले असेल, पूर्वजांचे काही राहून गेले असेल, गर्भारपणी ग्रहण पाळले नसेल. ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. आणि या साऱ्या बोलण्याच्या मध्यभागी ती बाई दोन मुलांना एकदम भरवीत बसलेली असते. तिला स्वतःलाही तोच प्रश्न पडलेला असतो, पण निराळ्या रीतीने. लोक विचारतात, ‘हिच्याच घरी का?’ ती विचारते, ‘दोनदा का?’

दिसायला हे दोन प्रश्न सारखे आहेत. पण पहिल्यातून फक्त दूषण निघते. दुसऱ्यातून काय निघाले त्याची ही हकीकत आहे.

नॉर्वे देशात बोर्ग्नी एगेलँड नावाची एक बाई होती. तिचा नवरा हॅरी दातांचा डॉक्टर होता. १९२७ साली त्यांना मुलगी झाली, तिचे नाव लिव. जन्मतः मुलगी नीट, देखणी, धडधाकट. परंतु महिने गेले, वर्ष गेले, दुसरेही गेले, आणि मुलगी काही बोलेना. तिसरे वर्ष लागले तरी तोंडून एक शब्द नाही. आईने डॉक्टर गाठले. एकाने तपासले, दुसऱ्याने तपासले, नाना तऱ्हेची औषधे झाली. कारण मात्र कोणालाच सांगता येईना. एवढ्यात १९३० साली मुलगा झाला, डाग. तोही जन्मतः अगदी चांगला होता. त्या आईला किती हायसे वाटले असेल! आणि मग हळूहळू, काही महिन्यांतच, तीच उतरण पुन्हा सुरू झाली.

१९३४ साली लिव साडेसहा वर्षांची होती. तिला थोडेसेच शब्द येत, चालणे ताठर होते, आणि एका जागी ती स्वस्थ म्हणून बसत नसे. डाग चार वर्षांचा होत आला होता. तो बोलत नव्हता, चालत नव्हता, हाताने खात नव्हता. त्याची नजर कशावर ठरत नसे. चार वर्षांचे ते तान्हे बाळच होते म्हणा ना.

अशा मुलांच्या संगोपनाविषयी लिहिणारे बहुधा एका मुलाविषयी लिहितात. पण दोन मुले म्हणजे एकाची दुप्पट नव्हे. घरात एक मूल अधू असले तर दुसरे चांगले मूल आईचा विसावा असते. ते शाळेतून येऊन काही सांगते, भांडते, हसते, मोठे होते. दिवस पुढे सरकतो आहे याची खूण त्याच्यापाशी असते. दोन्ही मुले तशीच असली म्हणजे घरातले घड्याळच थांबते. शिवाय दोघांच्या गरजा सारख्याही नसतात. एक अखंड धावते, त्याच्या मागे माणूस लागते. एक जागचे हलत नाही, त्याला उचलायला माणूस लागते. आणि आई तर एकच. एकाला घेऊन दवाखान्यात जावे तर दुसऱ्याला कोणापाशी ठेवावे? शेजारीण एखादे मूल तासभर सांभाळील; दोघांचे नाव काढले की तिच्याही घरी पाहुणे येणार असतात. पुढचा विचार तर करवतच नाही. ‘आमच्यामागे याला त्याचा भाऊ बघेल’ हा जो आईबापांचा शेवटचा आधार, तोही इथे नाही. दोघांनाही बघायचे आहे, आणि बघणारा कोणी उरत नाही.

असो. पण या दुप्पट ओझ्यातच एक गोष्ट दडलेली होती. एकच मूल असते तर बोर्ग्नी एगेलँडला ‘बाळंतपणात काही झाले असेल’, ‘लहानपणी ताप डोक्यात गेला असेल’ असे सांगून कोणीही वाटेला लावले असते. दोन मुलांच्या बाबतीत ते उत्तर पुरेना. त्यात तिच्या नाकाला एक गोष्ट जाणवली होती. दोन्ही मुलांच्या अंगाला, केसांना आणि लघवीला एक चमत्कारिक कुबट वास येई. किती न्हाऊ माखू घातले तरी तो जात नसे. ती प्रत्येक डॉक्टरला हे सांगे आणि डॉक्टर ते कानाआड करीत. आईचे नाक हे काही वैद्यकाच्या पुस्तकात बसणारे साधन नव्हते.

शेवटी ओळखीपाळखीतून ती डॉक्टर अस्बियर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. हे गृहस्थ शेतकऱ्याच्या घरचे. आधी रसायनशास्त्र शिकले आणि मागाहून वैद्यक; आणि हा क्रमच पुढे उपयोगी पडला. त्यांनी मुलांना तपासले. मंदपणापलीकडे काही सापडेना. लघवीत साखर नाही, प्रथिने नाहीत. मग मधुमेही रोग्यांसाठी करतात ती एक नेहमीची परीक्षा करावी म्हणून त्यांनी तिच्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. एरवी या परीक्षेत लघवीचा रंग तपकिरी तरी राहतो, नाहीतर दोष असेल तर लालसर जांभळा होतो. इथे तो झाला गर्द हिरवा. असा हिरवा रंग फोलिंगनी पूर्वी कधी पाहिला नव्हता, कुठे वाचलाही नव्हता. दुसऱ्या मुलाची लघवी घेतली. तीही हिरवी!

घाईचा माणूस असता तर त्याने डंका पिटला असता. फोलिंगनी आईला सांगितले, मुलांची सारी औषधे, टॉनिके आठवडाभर बंद करा आणि मग पुन्हा नमुना आणा. औषधाचाच रंग असेल तर जाईल. रंग गेला नाही. मग खरे काम सुरू झाले. तो रंग आणणारा पदार्थ वेगळा काढायचा तर लघवी पुष्कळ हवी. पुढे सुमारे दोन महिने ती बाई मुलांची लघवी जमवून आणीत राहिली. एकूण जवळजवळ वीस लिटर. ज्या मुलाला बसते करावे लागते, ज्याला ‘थांब’ म्हटलेले कळत नाही, अशा दोघांची लघवी रोज भांड्यात धरायची आणि प्रयोगशाळेत पोहोचती करायची, हे काम काय असेल ते आयांनाच कळेल. शोधाच्या इतिहासात फोलिंगचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण निम्मी प्रयोगशाळा त्या बाईच्या घरात चालली होती, हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवे.

पदार्थ सापडला. त्याचे नाव फेनिलपायरुविक आम्ल. निरोगी माणसाच्या लघवीत ते असायला नको. फोलिंगनी मग मतिमंदांच्या संस्थांतून ४३० जणांच्या लघवीची परीक्षा केली. त्यांतल्या आठांची हिरवी झाली. १९३४ सालीच त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे या विकाराला फेनिलकीटोन्युरिया हे नाव पडले. पाश्चात्य डॉक्टर त्याला थोडक्यात ‘पीकेयू’ म्हणतात.

घडते ते असे. आपण खातो त्या डाळीत, दुधात, अंड्यात, मासळीत प्रथिने असतात, आणि प्रत्येक प्रथिनात फेनिलअ‍ॅलनीन नावाचा एक घटक असतो. यकृतातले एक विकर त्याचे रूपांतर करून त्याला कामाला लावते. या मुलांत ते विकर नसते किंवा अगदीच दुबळे असते. गिरणीचे जाते बंद पडावे आणि दळणाचे डबे मात्र येतच राहावेत, तसे होते. साठलेले फेनिलअ‍ॅलनीन वाढत्या मेंदूला बाधते. काही भाग निराळ्या वाटेने वळून त्या कुबट वासाच्या रूपाने बाहेर पडतो. गर्भात असताना आईचे यकृत बाळाचे काम करीत असते, म्हणून मूल जन्मते ते निर्दोष. दूध सुरू होते आणि अपाय सुरू होतो. याच बिघाडामुळे त्वचेचा आणि केसांचा रंगही कमी बनतो, म्हणून ही मुले भावंडांहून उजळ दिसतात. आपल्याकडे तर गोरे मूल झाले म्हणून पेढे वाटतील!

आणि दोनदा का? तर आई आणि बाप दोघेही या दोषाचे मूक वाहक असतात. दोघांच्याही अंगी त्या कामाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली, एक चांगली. चांगलीवर काम भागते, म्हणून दोघांनाही जन्मभर काही कळत नाही. मुलाकडे दोघांच्याही बिघडलेल्याच प्रती आल्या तर मात्र विकार होतो. याचे प्रमाण प्रत्येक बाळंतपणी चारांत एक. इथे पुष्कळांची समजूत चुकते. पहिले मूल तसे झाले, आता पुढची तीन चांगली होणार, असा हिशेब लोक मांडतात. तो खोटा आहे. फासा मागचे दान लक्षात ठेवीत नाही. प्रत्येक वेळी पुन्हा चारांत एक. दोन्ही मुले ग्रासली जाण्याचा योग सोळांत एक. एगेलँड घराण्यावर तो आला.

म्हणजे पाप नव्हते, ग्रहण नव्हते, बाईचे चुकले नव्हते. हे कळणे त्या सालात किती मोलाचे होते, ते नुसत्या रसायनावरून ध्यानात यायचे नाही. ज्या १९३४ साली फोलिंगनी हा शोध प्रसिद्ध केला, त्याच साली नॉर्वेत निर्बीजीकरणाचा कायदा झाला. जर्मनीत तसा कायदा त्याआधीच्या वर्षी होऊन गेला होता, आणि तिथे पुढे १९३९ पासून अशा मुलांना ठार मारण्यापर्यंत मजल गेली. एका घरात दोन मंद मुले म्हणजे ते कूळच सडके, असे म्हणणाऱ्यांत तेव्हा मोठमोठे विद्वान होते. इंग्लंडातले लायोनेल पेनरोज यांनी याच विकाराचा दाखला घेऊन १९४६ साली त्यांना उत्तर दिले. हा दोष समूळ नाहीसा करायचा तर बाहेरून पूर्ण निरोगी असलेले असंख्य वाहक निर्बीज करावे लागतील, आणि मूठभर मुलांसाठी असे करणे हा निव्वळ वेडेपणा होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शहाण्या गणिताने मूर्ख निष्ठुरपणाचे तोंड बंद करावे, असे प्रसंग थोडेच येतात.

बोर्ग्नीच्या मुलांना मात्र या शोधाचा काही उपयोग झाला नाही. विकाराला नाव मिळाले, उपाय मिळाला नाही. मेंदूचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. डाग लहानपणीच गेला.

उपायाला आणखी सतरा वर्षे लागली, आणि तिथेही एक आईच दारात उभी होती. १९५१ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळात सतरा महिन्यांच्या एका मुलीचा विकार ओळखण्यात आला. डॉक्टर होर्स्ट बिकेल यांना आपण अचूक निदान केले याचा आनंद झाला. मुलीच्या आईला त्या निदानाचे काय? ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही आणि विचारी, माझ्या मुलीसाठी काय करणार? तिच्या या धरण्यामुळे बिकेल, जॉन गेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी दुधातल्या प्रथिनाचे विघटन करून, कोळशातून गाळून, त्यातले फेनिलअ‍ॅलनीन काढून टाकले आणि तो आहार मुलीला दिला. थोड्या महिन्यांत मुलगी रांगू लागली, धरून उभी राहू लागली, डोके आपटायची थांबली, डोळ्यांत ओळख आली. हा आहाराचाच गुण की आईच्या आशेचा, हे ताडण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता त्या आहारात फेनिलअ‍ॅलनीन मिसळले. मुलगी पाहता पाहता पूर्वपदावर गेली, आणि बिचारी आई हवालदिल झाली. शास्त्रासाठी ते लागले असेल. पण आईला अंधारात ठेवून करण्याची ही गोष्ट नव्हती, असे आम्हांला वाटते. १९५३ साली हे सारे प्रसिद्ध झाले आणि उपाय आहे हे जगाला कळले. मात्र तो आयुष्याच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू व्हायला हवा.

आता खरी अडचण उभी राहिली. जन्मतः मूल निर्दोष दिसते, मग विकार कळणार कसा? बहुतेक घरांत तो कळे पहिल्या मुलाच्या नुकसानीवरून. पहिल्याचे निदान उशिरा होई, आणि त्याच्या जिवावर दुसरे बचावे. १९६१ साली अमेरिकेत मतिमंद मुलांच्या पालकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या जाहिरातीसाठी अशाच दोन बहिणी निवडल्या होत्या. मोठीचा विकार उशिरा उमगला, ती मंद राहिली. मोठीमुळे धाकटीची परीक्षा वेळेवर झाली, आहार मिळाला, ती चारचौघींसारखी वाढत होती. राष्ट्राध्यक्ष केनेडींबरोबर दोघींचे छायाचित्र झाले. केनेडींची एक बहीणही मतिमंद होती, म्हणून त्यांना याची झळ ठाऊक होती.

छायाचित्र पाहणाऱ्याला ते आशेचे वाटते. पण त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसून पाहा. एकच विकार, एकच आईबाप, आणि दोन मुलींत जमीनअस्मानाचे अंतर. धाकटीचे प्रत्येक नवे वाक्य म्हणजे मोठीला काय होता आले असते त्याचा हिशेब. अशा घरात दोघींना ‘सारखे वागवा’ असा उपदेश पुस्तके करतात. सारखे वागवणे शक्यच नसते. एकीला शिस्त लावायची असते ती ताटाची, तराजू घेऊन, रडली तरी. दुसरीला भरवायचे असते, धुवायचे असते, जवळ घ्यायचे असते. धाकटीला वाटते मोठीचे फार लाड होतात, आणि मोठीचे काय वाटते ते मोठीला सांगता येत नाही.

पहिल्या मुलाचा बळी पडल्याशिवाय दुसरे वाचू नये, ही तिढ्याची गाठ सोडवली ती रॉबर्ट गथ्री यांनी. हे बफेलो येथले जंतुशास्त्रज्ञ. यांचा एक मुलगा मतिमंद होता, त्याचे कारण निराळे. पण त्यांच्या मेव्हणीच्या मुलीला हाच विकार झाला आणि तो ओळखायला वर्ष उलटून गेले. त्याआधी ओल्या दुपट्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पाहत, पण लघवीत खूण उमटेपर्यंत काही आठवडे निघून जात. गथ्रींनी रक्ताची अशी परीक्षा बसवली की बाळाच्या टाचेला टोचून काही थेंब टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि टपालाने पाठवायचे. अमेरिकेच्या २९ राज्यांत चार लाख बाळांवर ती करून पाहिली आणि ३९ बाळे वेळेवर सापडली. या परीक्षेचा संच एक कंपनी २६२ डॉलरांना विकू पाहत होती. गथ्रींच्या हिशेबाने त्याला सहा डॉलर लागत. त्यांनी स्वतः या शोधावर एक पैसाही मिळवला नाही.

विशेष मुले एकाहून अधिक असण्याचे आणखी एक कारण याच विकारातून उघड झाले, आणि ते फारच विलक्षण आहे. या विकारातून आहारामुळे किंवा सौम्यपणामुळे शहाणीसुरती वाढलेली मुलगी पुढे आई होते. आहार केव्हाच सुटलेला असतो. तिच्या रक्तातले फेनिलअ‍ॅलनीन मग गर्भाला बाधते, आणि जी मुले स्वतः या विकाराची नाहीत तीही एकामागून एक मंद जन्मतात. १९६३ साली मॅब्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. गरोदर राहण्यापूर्वीच आहार पुन्हा काटेकोर केला तर हे टळते. म्हणून आता हा आहार जन्मभर पाळावा असे सांगतात.

आपल्याकडे हा विकार युरोपपेक्षा कमी आढळतो. पण असे मूक वाहकपणाने येणारे विकार काही एकच नाहीत; थॅलसेमिया, सिकलसेल, काही प्रकारचा बहिरेपणा, सारे याच चारांत एकच्या वाटेने येतात. आत्याच्या नाहीतर मामाच्या घरात मुलगी देण्याघेण्याची चाल जिथे आहे, तिथे दोघांच्याही अंगी एकच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो. छत्तीस गुण जुळवणाऱ्यांनी हा सदतिसावा पाहिला तर बिघडणार काही नाही. आणि ज्या घरात पहिले मूल असे झाले आहे, त्यांनी दुसऱ्याचा विचार करण्यापूर्वी पहिल्याच्या विकाराचे नाव, शक्य तर जनुकाच्या तपासणीसह, लावून घ्यावे. ‘मंद आहे’ हे निदान नव्हे. नाव ठाऊक असले तर पुढच्या गर्भाची परीक्षा पहिल्या तीनचार महिन्यांत होऊ शकते, निदान जन्मताच टाचेचे रक्त घेता येते.

गोव्यात २००८ साली नवजात बाळांची अशी रक्ततपासणी राज्यभर सुरू करण्यात आली. महाराष्ट्रात पालघरहून २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे. दुर्मीळ विकारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले. त्यात फेनिलकीटोन्युरिया आहे, तो विशेष आहाराने आटोक्यात राहणाऱ्या विकारांच्या गटात. २०२२ पासून नेमलेल्या केंद्रांतून रोग्यामागे पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली, मुंबईचे के.ई.एम. इस्पितळ त्या केंद्रांपैकी एक. फेनिलअ‍ॅलनीनविरहित दुधाची भुकटी महाग असते, आणि ती डब्यामागून डबा लागते, वर्षानुवर्षे.

पण डबा मिळाला तरी उरते ते स्वयंपाकघर, आणि ते चालवायचे आईलाच. वरण नाही, दूध-दही नाही, अंडे, मासे, मटण काहीच नाही. पोळी नाही, भातसुद्धा मोजून. फळे, बहुतेक भाज्या, साखर, तूप, तेल चालते. साबुदाणा चालतो, कारण त्यात प्रथिन जवळजवळ नाही. पण खिचडीत दाण्याचे कूट घातले की ती खिचडी या मुलाला वर्ज्य. ‘बिनसाखरेच्या’ गोड पेयांत जो अस्पार्टेम घालतात त्यातही फेनिलअ‍ॅलनीन असते, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. आणि घरात अशी दोन मुले असली तर दोघांचे माप एक नसते. प्रत्येकाच्या यकृताची ताकद वेगळी, वजन वेगळे, वय वेगळे. ज्याच्या त्याच्या रक्ताच्या परीक्षेप्रमाणे ग्रॅम ठरतात. थोरल्याला भाताचे चार चमचे अधिक, धाकट्याला कमी, आणि धाकटा थोरल्याच्या ताटाकडे बघत असतो.

दिवाळीत तर पंचाईतच. बेसनाचा लाडू, चकली, चिवड्यातले दाणे-डाळे, अनारशावरची खसखस, सारे ताटाबाहेर. शेजारून आलेले फराळाचे ताट दारातच उतरवून घ्यावे लागते, आणि शेजारणीला राग न येईल असे सांगावे लागते. या घरांतल्या आया साबुदाण्याच्या पापड्या तळतात, आरारूटच्या पिठाच्या शंकरपाळ्या करून पाहतात. पहिल्या घाण्याला त्या तुटतात, दुसऱ्याला थोडे तूप अधिक घालावे लागते.